नऊच्या आतला नाला

आमची प्लाटून त्या खोऱ्यात दोन उन्हाळे होती. जागेचं नाव लिहीत नाही, जुनी सवय आहे. पोस्ट साडेबारा हजार फुटांवर. खाली गवताचं कुरण, वर बर्फ आणि मधून एक नाला. कंपनीत वऱ्हाडातले आम्ही दोघंच होतो. मी हवालदार, वरवट बकालचा. नायक प्रल्हाद सोनाळ्याचा. गावं जवळजवळ, पण ओळख झाली ती तिथे, चहाच्या रांगेत. मागून आवाज आला, "सरक ना बे." मी वळलो. माझ्या बाहीवरच्या फिती दिसल्या तसा तो 'दादा' म्हणायला लागला, तो कायमचा.

पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्चात उभं राहणं, सातला नाश्ता, मग पेट्रोलिंग. रविवारी प्रल्हाद स्टोव्हवर पिठलं करायचा. मिरची घरून आलेली. पंजाबी जवान डोळे पुसत खायचे आणि पुन्हा मागायचे. संध्याकाळी खोऱ्याकडे पाहत तो म्हणायचा, "दादा, हा आपला अंबाबरवाच हाये. कोनं तरी उचलून वर ठेवला." सोनाळ्यामागचं ते जंगल त्याला सगळीकडे दिसायचं. ते दिवस आठवले की मला आजही बरं वाटतं.

एक स्टँडिंग ऑर्डर होती. नाला सकाळी नऊच्या आत ओलांडायचा. ऊन चढलं की वर बर्फ वितळतं आणि दुपारी पाणी चढतं. ऑर्डर आम्हाला पाठ होती, पण मनापासून पटली नव्हती. आमच्या वाण नदीला पूर येतो तो सातपुड्यावर आभाळ भरलं की. आभाळ साफ तर पूर नाही, हे लहानपणापासून पाहिलेलं. कोरड्या नद्यांची माणसं आम्ही.

त्या दिवशी प्रल्हाद एका पहाडी पोर्टरला घेऊन डाक आणायला खाली रोडहेडला, गाडीरस्ता संपतो तिथे, गेला होता. मुक्काम तिथेच करून सकाळी यायचं, असं ठरलं होतं. सुभेदार साहेब रजेवर. पोस्ट आणि वायरलेस सेट माझ्याकडे. दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी सेट बोलला. सेटवर हिंदीत बोलायचा नियम होता, पण आम्ही दोघंच असलो की वऱ्हाडी.

"दादा, नाल्यावर हाये. पानी गुडघाभर. आभाळ साफ. येऊ का? ओव्हर."

डाकेत माझ्या घरचं पार्सल होतं. मी आभाळाकडे पाहिलं. एक ढग नव्हता.

"ये बे. ओव्हर."

पाणी काठालाच गुडघाभर होतं, मध्ये खोल आणि ओढीचं. पाठीवर डाकेचा पिट्टू होता. प्रल्हादचा देह दुसऱ्या दिवशी खाली चार किलोमीटरवर सापडला. चौकशी झाली. सोबतच्या पोर्टरला आमची बोली कळत नव्हती. मला विचारलं, परवानगी दिली होती का? मी म्हणालो, सेटवर आवाज तुटत होता. कागदावर आलं, नायकाने ऑर्डर मोडून नाला ओलांडला.

त्याच्या बायकोला, शोभावहिनींना, पेन्शन लागली. सोनाळ्याच्या शाळेत त्याच्या नावाचा दगड बसला. पण त्याचे वडील मरेपर्यंत म्हणत राहिले, "पोरगं आमचं आयकत नव्हतं कोनाचं." दर पंधरा ऑगस्टला त्या दगडापुढे मला भाषणाला बोलावतात. मी शिस्तीवर बोलायचो. लाज वाटायची, तरी बोलायचो.

यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रल्हादची मुलगी मनीषा म्हणाली, "काका, आईले एकदा ते खोरं दाखवू." ती नांदुऱ्याला शिक्षिका आहे. नांदुऱ्याहून रेल्वेने दिल्ली, पुढे भाड्याची गाडी. चालवायला मनीषाच. मी बाजूला बसून गिअर सांगायचो.

"काका, तुमी खिडकीतून पहाड पाहा ना," ती म्हणाली. मी पहाड पाहायला लागलो.

आता तिथे डांबरी रस्ता आहे, पर्यटकांचे तंबू आहेत. गाडी अलीकडे ठेवून साडेसातला आम्ही पायी नाला ओलांडला. घोट्यापेक्षा थोडं वर पाणी. दहाला पोस्टवर पोहोचलो. दगडी भिंती कमरेएवढ्या उरल्यात. शोभावहिनींनी दशम्या सोडल्या. प्रल्हाद स्टोव्ह कुठे मांडायचा ती जागा मी दाखवली. त्या तिथेच बसून जेवल्या.

परतीचा रस्ता मी आधीच ठरवला होता. खालच्या नव्या पुलावरून, चार किलोमीटरचा फेरा. दोनला नाल्यापाशी आलो. पलीकडे आमची गाडी दिसत होती. वहिनींचे गुडघे दुखत होते.

"काका, हे काय गाडी," मनीषा बूट काढत म्हणाली. "पानी गुडघाभरच हाये. आभाळ पाहा, एकदम साफ. फेरा काऊन मारता?"

"बूट घाल," मी म्हणालो. आवाज चढला. ती थांबली.

मग मी तिथेच, दगडावर बसून, सगळं सांगितलं. वेळ, सेट, पार्सल, चौकशी. मनीषाने तोंड फिरवलं.

वहिनींनी पाण्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "ते काय बोलले, पुन्हा सांगा."

मी सांगितलं.

"म्हंजे त्यायनं विचारलं होतं."

"हो."

"न विचारता नाई उतरले."

"नाही, वहिनी."

"हे मामंजीले आयकाले पाहिजे होतं, भाऊजी." त्या उठल्या आणि पुलाकडे चालायला लागल्या. चार किलोमीटर त्या मनीषाचा हात धरून माझ्या पुढे चालत राहिल्या. गाडीत बसताना एवढंच म्हणाल्या, "मले सांगून काय फायदा? सोनाळ्यात सांगा."

पंधरा ऑगस्टला शाळेत झेंडावंदन झालं. वहिनी आणि मनीषा पहिल्या रांगेत होत्या. मी मेडल लावली नव्हती. शिस्तीवर एक शब्द बोललो नाही. दगडापुढे सावधान उभा राहिलो आणि सुभेदार साहेबांना द्यायला हवा होता तो रिपोर्ट गावाला दिला.

"दुपारी तीन वाजून वीस मिनिटं. नायक प्रल्हाद नाल्याच्या काठावर थांबला होता. त्याने परवानगी मागितली. परवानगी मी दिली. मग तो उतरला."