उलटे उडालेले बगळे

उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये लाकडी खेळण्यांचा एक छोटा कारखाना होता. तिथं मी रंगकाम करायची. नवरा गेल्यापासून जवळच्या शिरगावात भावाकडं राहत होते आणि वहिनीपुढं हात पसरावा लागत नव्हता तो या कामामुळंच. तरी पहिल्याच आठवड्यात मी शेठना सुनावलं होतं, "माझ्या कामात कुणी डोकावलेलं मला चालत नाही." शेठ सिंधमधून सगळं सोडून आलेले, वयस्कर. "ठीक है, बहन," म्हणाले आणि खरंच पुन्हा डोकावले नाहीत.

सरकारनं विमान कंपन्या एकत्र केल्या, त्यानंतरची ही गोष्ट. जुन्या कंपन्यांचे रंग आणि चिन्हं विमानांवरून पुसली जात होती. ती जुनी विमानं, त्यांच्या मूळ रंगांत, लाकडात छोटी करून तिकीट ऑफिसच्या काचेमागं मांडावीत असं कुणाच्या तरी मनात आलं. बारा विमानांचं काम शेठना मिळालं. पसंत पडली तर इतर शहरांतल्या ऑफिसांचं कामही आम्हालाच मिळणार होतं. शेठ त्या दिवसांत इस्त्रीचा सदरा घालून यायचे.

चार विमानांच्या अंगावर निळ्या पट्ट्यात पांढरा बगळा होता. नमुन्याचं चित्र एकाच बाजूचं. त्यावरून मी पत्र्यात छाप कापला आणि दोन्ही बाजूंना बगळे उठवले.

विमान कंपनीचे साहेब बघायला येणार होते त्या सकाळी विमानं मांडताना मी एक हातात फिरवून पाहिलं. डावीकडचा बगळा विमानाच्या नाकाकडं उडत होता, उजवीकडचा शेपटीकडं. दुसऱ्या बाजूला छाप पालथा धरायला हवा होता. मी तो तसाच धरला होता, चारही विमानांवर.

शेठना लगेच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. चारही विमानं उजवी बाजू भिंतीकडं करून ठेवली. बाकीच्यांवर सूर्य नि चक्रं होती, ती दोन्हीकडून सारखीच, त्यांची चिंता नव्हती.

साहेब आले. एकेक विमान उचलून पाहू लागले. मी धुतलेलेच ब्रश पुन्हा धूत राहिले. पाच झाली. सहावं बगळ्याचं. त्यांनी ते फिरवलं.

"हा बगळा मागं कुठं चाललाय? कुणी रंगवलं हे?"

शेठनी विमान हातात घेतलं. चूक कुणाची ते त्यांना तत्क्षणी कळलं असणार. माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"मैंने, साहब. नजर कमजोर हो गई है."

एरवी माझी जीभ कात्रीसारखी चालायची. तेव्हा मला वहिनीचा चेहरा दिसला आणि मी गप्प बसले. त्याची मला आजही लाज वाटते.

"परवा येतो," साहेब म्हणाले. "तेव्हाही असंच असलं तर काम दुसरीकडं देईन."

ते गेल्यावर शेठनी एक विमान माझ्यापुढं सरकवलं, एक स्वतः घेतलं. आम्ही दोघांनी काचेच्या तुकड्यांनी उजवीकडचे बगळे खरवडले, पट्टे पुन्हा रंगवले. दुसऱ्या दिवशी रंग वाळल्यावर मी छाप पालथा धरून पहिला बगळा उठवला आणि विमान त्यांच्यापुढं धरलं.

"शेठ, चूक माझी होती. हे जरा बघून घेता?"

त्यांनी हातातल्या कामावरून मान वर केली नाही. "देखना क्या है, बहन. तुमने किया है ना."

मीच विमान फिरवून दुसरी बाजू पाहिली. मग पुन्हा पाहिली.