अभिमन नानांचा कान

अभिमन नानांना ऐकू येत नाही, हे मला कळायला सहा महिने लागले. ते सहा महिने मी जवळजवळ रोज त्यांच्याबरोबर होतो.

नाना अमळनेरला फोनचे लाईनमन होते. चौतीस वर्षं नोकरी झाली होती. नव्याण्णवच्या डिसेंबरअखेर ते निवृत्त होणार होते. त्यांना एकच गोष्ट हवी होती. लाईनमन म्हणून घरी जायचं. गुडघे गेलेले, डोळे गेलेले लाईनमन शेवटची वर्षं स्टोअरमध्ये तारांची भेंडोळी मोजत बसतात. नानांना तसं बसायचं नव्हतं.

त्यांच्या कमरेला टेस्ट फोन लटकलेला असायचा. काळा, जड, कडांना झिजलेला. खांबावर चढून तो तारेला लावायचे आणि कान देऊन ऐकायचे. मग खाली उतरून सांगायचे, सांधा गंजलाय, किंवा तार झाडाला घासतेय, किंवा डब्यात पाणी शिरलंय. ऑफिसात मीटर होतं. नाना ते नेत नसत. गावात म्हणायचे, अभिमन नानांनी कान लावला की झालं.

माझी त्यांची ओळख पुना चहावाल्याच्या टपरीवर झाली. मराठी घेऊन एम.ए. होऊन मला दोन वर्षं झाली होती. नोकरी नव्हती. नानांनी त्यांच्या अहिराणीत विचारलं, "काय शिकना तू?" मी सांगितलं. तेव्हापासून माझं नाव एमे पडलं.

"एमे, चाल," ते म्हणायचे. मी त्यांच्या सायकलच्या मागे माझी सायकल काढायचो. ते खांबावर, मी खाली. कधी खाली उतरून टेस्ट फोन माझ्या हातात द्यायचे. "तू ऐक. तुना कान कोवळा शे."

मला वाटायचं, हे प्रेम आहे.

पुना टपरीवरून ओरडायचा, "नाना, एमेले लाईनमन करतस का?"

नाना उत्तर द्यायचे नाहीत. पुनाला वाटायचं, नानांना राग आला.

त्याच वर्षी सुरेशचंद शेठजींच्या घरी इंटरनेट आलं. कापसाचे व्यापारी. मोठं घर. त्यांचा मुलगा पारस लंडनला होता. मी तीन महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, म्हणून शेठजींनी मला बोलावलं. काम एकच. दर रविवारी दुपारी तीन वाजता इंटरनेट लावायचं आणि पारसची त्याच्या आजीशी गाठ घालून द्यायची.

आजी म्हणजे हीराबाई. वय अठ्ठ्याहत्तर. दहा वर्षांपासून त्यांना अजिबात ऐकू येत नव्हतं. फोन त्यांच्या उपयोगाचा नव्हता. पडद्यावर मात्र पारस लिहायचा आणि मी अक्षरं मोठी करून द्यायचो. हीराबाई चष्मा लावून वाचायच्या आणि मोठ्या आवाजात उत्तर सांगायच्या. त्यांना वाटायचं, त्या हळू बोलताहेत. उत्तर गल्लीपर्यंत जायचं. मी ते टाइप करायचो.

पहिले काही रविवार छान गेले. एप्रिल संपता संपता लाईन तुटायला लागली. मोडेम चिरकायचं, जोडलं जायचं, पडद्यावर वेगाचा आकडा यायचा. आधी तो अठ्ठावीस हजारांच्या वर असायचा. आता नऊ हजार. दहा मिनिटांत सगळंच बंद. पारसचं वाक्य अर्ध्यावर थांबायचं. हीराबाई पडद्याकडे बघत बसायच्या.

"गेला का?" त्या विचारायच्या.

मी मान हलवायचो.

मी जमेल ते सगळं केलं. मोडेमची वायर बदलली. पेढीवरचा जोडफोन काढून ठेवला. कॉम्प्युटर पुसून पुन्हा सगळं भरलं. फरक पडला नाही. तक्रार दिली. नाना सोमवारी सकाळी आले, तार तपासली, म्हणाले, "साफ शे." पुढच्या रविवारी तेच. नाना पुन्हा सकाळी आले. पुन्हा साफ.

शेठजी म्हणाले, "नानांनी साफ सांगितलं म्हणजे लाईन साफच आहे. तुझं यंत्र बघ."

मीही तेच मानलं. जळगावहून दुसरं मोडेम आणवलं. तेही तुटलं.

शेवटी मी नानांना म्हटलं, "रविवारी तीनला या. रोग जेव्हा असतो तेव्हा बघा."

रविवार त्यांचा सुटीचा. तरी आले. मे महिन्याचं ऊन होतं. डोक्याला उपरणं गुंडाळलेलं. हीराबाईंच्या खोलीत कूलर चालू होता, वाळ्याचा वास येत होता. पडद्यावर पारस दोनदा येऊन तुटला होता. नानांनी भिंतीवरची डबी उघडली, टेस्ट फोन लावला, कान दिला. बराच वेळ ऐकलं.

"साफ शे," ते म्हणाले.

मी सहज हात पुढे केला. फोन कानाला लावला. तेलात मिरची पडावी तशी खरखर होती. टोन तिच्याखाली बुडाला होता.

मी नानांकडे बघितलं. मला वाटलं, माझं काही चुकतंय.

खाटेवर बसलेल्या हीराबाई मघापासून नानांना न्याहाळत होत्या. शेठजी काही विचारत होते आणि नाना उत्तर देत होते. हीराबाई मोठ्याने म्हणाल्या, "अरे अभिमन, तू सगळ्यांच्या तोंडाकडे काय बघतोस?"

नानांची नजर आता हीराबाईंच्या ओठांवर होती.

"मी बघते तसा बघतोस. ओठ वाचतोस. तुला पण ऐकू येत नाही ना रे?"

खोलीत फक्त कूलरचा आवाज होता. हीराबाईंना तोही येत नव्हता. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. आपल्याच गावचं माणूस परक्या गावी भेटावं, तसा चेहरा होता.

नानांनी टेस्ट फोन माझ्या हातातून घेतला. कमरेला अडकवला. मग ते खोलीत उभे राहून नुसते बघत राहिले. भिंत, वायर, खिडकी. मला विचारलं, "सकाळे चांगलं, दुपारे वाईट. बरोबर?"

"हो."

"सकाळे हाऊ बंद ऱ्हास?" त्यांनी कूलरकडे बोट केलं.

ते घराच्या मागे गेले. मी मागोमाग. कूलर खिडकीत बसवला होता. त्याच्या वाळ्यातून पाणी निथळत भिंतीवरून खाली येत होतं. खाली तारेचा सांधा होता. ओला, हिरवा पडलेला. कूलर चालला की सांधा भिजायचा, बंद झाला की रात्रीतून वाळायचा. सकाळी आलेल्या माणसाला कोरडी भिंत दिसायची.

नानांनी तार कापली. नवा सांधा केला आणि हातभर दूर, वर नेऊन बांधला. बोटं जराही अडखळली नाहीत. आत येऊन मी मोडेम लावलं. अठ्ठावीस हजार. पारस आला. तासभर तुटला नाही. हीराबाईंनी त्याला सांगितलं, "अभिमनने जोडून दिलं." हे वाक्य मी टाइप करत होतो तेव्हा नाना दारात चपला घालत होते.

शेठजी त्यांच्यामागे गेले. म्हणाले, "नाना, या घरातून ही गोष्ट बाहेर जाणार नाही. सात महिने तर राहिलेत."

नानांनी हात जोडले.

टपरीवर गर्दी नव्हती. नाना बाकावर बसले. मी त्यांच्यासमोर बसलो, तोंड दिसेल असा. आता मला ते कळत होतं.

"टोन ऐकू येस," ते म्हणाले. "मानूस जवळ बोलना तं येस. बारीक आवाज येस नही. खरखर येस नही."

"केव्हापासून?"

त्यांनी सांगितलं. मागच्या उन्हाळ्यापासून त्यांना लाइनी चांगल्या वाटायला लागल्या होत्या. ज्या तारेला कान लावावा ती स्वच्छ. गावात नवी केबल पडली होती. त्यांना वाटलं, तिचा गुण. चौतीस वर्षांत असं सुख नव्हतं, असं ते स्वतःच्या बायकोला म्हणाले होते. दिवाळीत नातवाने फुलबाजी लावली. ती तडतडताना दिसली. ऐकू आली नाही. तेव्हा शंका आली. तेव्हापासून ते मला बरोबर न्यायला लागले.

"एमे, कोनले सांगू नको."

"नाही सांगणार."

पुनाने चहा आणून ठेवला. "आज फार गुपित चालू शे," तो म्हणाला. आम्ही हसलो नाही. चहा निवला.

मला वाटलं, प्रश्न मिटला. मी रोज बरोबर जाईन, मी ऐकेन, ते दुरुस्त करतील. सात महिने निघून जातील. कोणाचं काही बिघडणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना माझ्या घरी आले. हातात त्यांची तक्रारींची वही होती. रात्रभर त्यांनी तीत खुणा केल्या होत्या. मी बरोबर नसताना, नुसता स्वतःचा कान लावून 'लाईन साफ' लिहिलेली घरं. एकूण एक्केचाळीस.

"चाल," ते म्हणाले.

मी म्हटलं, "नाना, खराब असती तर लोकांनी पुन्हा तक्रार केली असती."

"मी साफ म्हनावर?" ते म्हणाले. "शेठजीनं करी का?"

शेठजींनी मला यंत्र बदलायला लावलं होतं. मी मोडेम बदललं होतं. मी सायकल काढली.

बारा दिवस आम्ही फिरलो. नाना दारात जाऊन एवढंच म्हणायचे, लाईन तपासायची आहे. टेस्ट फोन मी ऐकायचो. बत्तीस घरं खरंच साफ होती. नऊ नव्हती. त्या नऊ घरांत कोणी नवा फोन आणला होता. एका मास्तरांनी फोन कपाटात ठेवून दिला होता. कोणीही नानांना बोल लावला नाही. उलट पाणी विचारलं.

नववं घर भागाबाईंचं होतं. बोरी नदीकडे, गावाच्या टोकाला. एकट्या राहायच्या. मुलगा झुलाल सुरतेला यंत्रमागावर कामाला. पाच वर्षं नंबर लावून त्याने आईसाठी फोन घेतला होता. दर बुधवारी संध्याकाळी तो लावायचा.

मी टेस्ट फोन कानाला लावला आणि लगेच दूर धरला.

नानांनी त्यांना विचारलं, बोलणं होतं का.

"व्हत नही," भागाबाई म्हणाल्या. "घंटी वाजस. मी उचलस, 'मी बरी शे, पत्र धाड' इतलं सांगस आनि ठेई देस."

"का बरं?" मी विचारलं.

त्या नानांकडे बघून ओशाळवाणं हसल्या, स्वतःच्या कानाला हात लावला. "नाना गये साल दसराले उनात. लाईन साफ शे, सांगं. मंग मी म्हनं, मनाच कान गयात."

आठ महिने त्यांनी मुलाचा आवाज ऐकला नव्हता. शेजारची मुलगी त्यांना पत्रं वाचून दाखवायची. मी हळू आवाजात पाठीमागून हाक मारली, "भागाबाई." त्या चटकन वळल्या. त्यांचे कान चांगले होते.

नाना ओट्यावर बसले. उपरणं काढून हातात घेतलं. त्यांचं डोकं किती पांढरं झालंय, ते मला तेव्हा दिसलं. मी त्यांच्याजवळ गेलो नाही.

मग ते उठले, खांबावर चढून बघून आले. वरपासून घरापर्यंतची सगळीच तार सडली होती. नवी आणावी लागणार होती. ती बुधवारपर्यंत मिळणार नव्हती.

परत येताना त्यांनी सायकल थांबवली. "एक अर्ज लिखी दे," ते म्हणाले.

मी टपरीवर बसून लिहिला. 'वाढत्या वयामुळे माझी श्रवणशक्ती क्षीण झाल्याने' असं पहिलं वाक्य केलं. वाचून दाखवलं.

"क्षीण म्हंजे?"

"कमी."

"कमी नही. गयी शे. तशी लिख."

मी तसं लिहिलं. 'मला ऐकू येत नाही. एक वर्ष झालं. मला लाईनवरून काढावं.' खाली त्यांनी नऊ घरांचे नंबर घालायला लावले, आणि त्यांच्यापुढे, ही चूक माझी आहे. मग सही केली.

ऑफिसात साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "नाना, सात महिन्यांसाठी कशाला? कोणाला कळलंही नसतं."

नाना त्याच्या ओठांकडे बघत होते. "नऊ जनंसले कळनं," ते म्हणाले. "त्यासना नंबर लिखेल शे."

साहेबांनी अर्जावर शेरा मारला. एक तारखेपासून स्टोअर, असं सांगितलं. नऊ लाइनी तोवर पूर्ण करायला परवानगी दिली.

आठ झाल्या. भागाबाईंची तार महिना संपायच्या आठवडाभर आधी, सोमवारी मिळाली. नाना खांबावर चढले. मी खाली उभा होतो. उतरताना एका पायरीवर ते थोडे थांबले, गावाकडे बघितलं, मग उतरले. टेस्ट फोन माझ्याकडे दिला. मी ऐकलं. टोन होता. बाकी काही नव्हतं. मी मान हलवली.

"नही," नाना म्हणाले. "बुधवारे पाहू."

बुधवारी संध्याकाळी आम्ही तिघं त्या खोलीत बसलो. घंटी वाजली. भागाबाईंनी भीत भीत फोन उचलला. "मी बरी शे, पत्र..." एवढं म्हणून त्या थांबल्या. मग फोन दोन्ही हातांनी धरला.

"झुलाल," त्या म्हणाल्या. "खोकस काबरं रे तू?"

नाना त्यांच्या तोंडाकडे बघत होते. शेवटपर्यंत त्यांनी नजर काढली नाही.

बोलणं संपल्यावर नानांनी खिशातून तक्रारीचा कागद काढला. त्यावर खाली एक रिकामी ओळ असते. तिथे चौतीस वर्षं ते दोनच शब्द लिहीत आले होते. आज ते थांबले. भागाबाईंना विचारलं, "साफ शे?"

"साफ शे, नाना."

त्यांनी लिहिलं, 'लाईन साफ. भागाबाईंनी ऐकली.'