हाताला न कळलेला दुसरा हात

पुतणी चाचणीत नापास होऊन सेनगावजवळच्या आमच्या गावी आली, तेव्हा सोयाबीनची कोळपणी चालू होती. ती प्रवासी विमानाची सहवैमानिक होण्याचं प्रशिक्षण घेत होती. फेरचाचणीला दहा दिवस उरले होते. त्यातही नापास झाली असती, तर प्रशिक्षण तिथंच संपलं असतं.

चूक तिनं स्वतःच सांगितली. सिम्युलेटरमध्ये विमान उतरत असताना शेजारच्या कप्तानानं न बोलता आपली नियंत्रण-काठी पुढे रेटली. ही आपली मागे ओढत राहिली. त्या विमानात एका काठीची हालचाल दुसरीत जाणवत नाही. संगणक दोन्हींची बेरीज करतो. धोक्याची सूचना वाजली, ती हिच्या उशिरा लक्षात आली.

"काहून सोडली न्हाई मग काठी?" तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं विचारलं.

"तुमचा हात आला की रुमण्यात कळतं, अण्णा. तिथं काहीच कळलं न्हाई."

तण काढायचं, बैलांनी ओढलेलं कोळपं धरायला ती याच शेतात शिकली होती. वडील मागून रुमण्याला, कोळप्याच्या दांड्याला, हात घालत. लाकडातून जोर जाणवला की ती पकड ढिली करी. त्यासाठी बोलायची आमच्या घरात पद्धतच नव्हती.

वर्तमानपत्रात असताना मी नव्या 'ॲक्टिव्ह' काठ्यांची बातमी केली होती. त्यांत मोटारी असतात. एका वैमानिकाचा जोर दुसऱ्याच्या हाताला लागतो. तशी काठी असती तर तू पास झाली असतीस, असं मी तिला म्हणालो.

"आणि मोटार बंद पडली तर, काका? पुन्हा मुकीच ना ती. मला बोलायचंच शिकावं लागेल."

दुसऱ्या दिवसापासून तिनं बैलांमागे तालीम सुरू केली. भावानं मध्येच रुमण्याला हात घालायचा. तिनं विचारायचं, "ताबा कोणाचा?"

"बैलायचा," भाऊ म्हणाला.

"अण्णा, बराबर उत्तर द्या, न्हाईतर कोळपं इथंच उभं करते."

"माझा गं बाई, माझा! सोड आता."

कोळपणी संपेपर्यंत हे चाललं. भाऊ वैतागला, तिनं थांबवलं नाही.

फेरचाचणीनंतर तिचा फोन आला. काठी स्थिर धरूनही विमानाचं नाक खाली जाताना दिसलं, तेव्हा तिनं मोठ्यानं विचारलं होतं. कप्तान गप्प राहिला. तिनं आणखी मोठ्यानं विचारलं. उत्तर आलं, तिनं हात उचलला. पास झाल्याचं तिनं त्यानंतर सांगितलं.