माझ्या जाऊबाईंचं जळणं

माझ्या मोठ्या जाऊबाईंइतकं मन लावून जळणारं माणूस अख्ख्या चंदीगडात दुसरं नसेल. तशा जळणाऱ्या पुष्कळ असतात, मीही त्यातलीच. पण आम्ही चोरून जळतो. तोंडानं 'छान हं, छान' म्हणतो आणि घरी येऊन भांडी आपटतो. जाऊबाईंचं तसं नाही. त्या चारचौघांत, खणखणीत आवाजात जळतात आणि जिच्यावर जळल्या तिच्या गळ्यात पडून तिला तसं सांगूनही टाकतात. एका नावाजलेल्या वकीलबाईंना त्यांनी भर लग्नाच्या मांडवात "मैं तो जल के कोयला हो गई, यार!" असं सांगितलेलं मी माझ्या कानांनी ऐकलंय. वकीलबाई इतक्या खूश झाल्या, की त्यांनी वाढप्याला परत बोलावून आणखी गुलाबजाम घेतले. मी असं कुणाला म्हटलं असतं तर आयुष्यभराचा अबोला झाला असता, आणि तेव्हापासून मी जाऊबाईंच्या जळण्यावरच जळत आलेय.

त्यांचे वडील अमरावतीहून इथल्या विद्यापीठात शिकवायला आले तेव्हा त्या फ्रॉकमध्ये होत्या. शाळा इथंच, मग मुलींचं कॉलेज, मग इथल्याच मोठ्या इस्पितळातले डॉक्टर, म्हणजे माझे दीर. त्यामुळे त्यांचं वाक्य वऱ्हाडीत सुरू होतं, हिंदीतून वळसा घेतं आणि राग आलाच तर पंजाबीत उतरतं. जळण्याला मात्र त्यांनी कडक नियम घालून घेतले होते. शेजाऱ्यांनी नवी मारुती आणली, की त्या स्वतः नारळ घेऊन पुढे. कुणी सोनं केलं, कुणाचा मुलगा अमेरिकेत गेला, यांना ढिम्म काही नाही. "जिच्यासंगं एका बेंचवर बसलो तिच्यावरच जळावं माणसानं," त्या मला म्हणाल्या होत्या, "बाकीच्यांवर जळणं म्हणजे नुसता चोंबडेपणा." या नियमात बसणारी कुणी पेपरात झळकली, की त्या दिवशी त्यांच्या घरी जेवायला जावं. रागारागानं पुरण वाटायच्या, आणि तसं पुरण मला जन्मात जमलं नाही. त्यांच्या मागच्या बेंचवरची एकजण टीव्हीवर बातम्या देऊ लागली, तर तिच्या बातम्या त्या आवाज बंद करून बघायच्या. "आवाज काढला की काही उरते का हिच्यात? बघ, नुसती मान," असं म्हणत अर्धा तास त्या मानेवरून नजर काढत नसत.

नव्वदीच्या दशकात घरोघरी केबल आली, बायका नोकऱ्यांना लागल्या, कुणी धंदे काढले, आणि त्यांच्या कॉलेजलाही वाटलं, की आपल्या मुलींनी काय काय केलं ते एकदा जगाला दाखवावं. दर वर्षी थंडी ओसरताना एका माजी विद्यार्थिनीचा सत्कार होऊ लागला. अंगावर फुलकारीची भरतकाम केलेली ओढणी, हातात स्मृतिचिन्ह, दोन शब्द भाषण आणि मग समोसे. जाऊबाईंना हा सत्कार कधी मिळाला नाही, मिळायचं काही कारणही नव्हतं; पण त्यांनी एकही चुकवला नाही. तिसऱ्या रांगेत कडेची खुर्ची त्यांची, शेजारची माझी. स्टेजवर कुणी विमान कंपनीतली साहेबीण आली, की इकडे मराठीत धावतं समालोचन सुरू: "ही? हिला होस्टेलच्या जिन्यावर चक्कर यायची. आता आकाशात फिरते." मराठी कुणाला कळत नाही या भरवशावर आवाज मुळीच कमी नसायचा. एकदा पुढच्या रांगेतली कुणा हवाईदलवाल्यांची बायको मागे वळून म्हणाली, "अगदी बरोबर बोललात हो!" आणि त्या दोघी समोशांपर्यंत एकमेकींचा हात सोडेनात. मी मिरजेच्या कॉलेजात शिकले. तिथल्या माझ्या वर्गातल्या मुली पुढे कुठे गेल्या, मला पत्ता नाही. टाळ्या वाजवताना मला वाटायचं, एवढ्या जिव्हाळ्यानं जळायला आपल्यालाही कुणीतरी असायला हवं होतं.

सत्काराच्या महिनाभर आधी प्रिन्सिपल मॅडम जाऊबाईंना चहाला बोलवत. जाऊबाईंना गाडी येत नव्हती, म्हणून सेक्टर ३९ मधल्या आमच्या क्वार्टरवरून मी निघायचे, त्यांना घ्यायचे आणि कॉलेजात सोडायचे. तिथं मलाही चहा मिळायचा. मॅडम गप्पांच्या ओघात एकेक नाव सहज टाकायच्या आणि कपाच्या काठावरून बघत राहायच्या. बरीच वर्षं मला ते जुन्या ओळखीचं अगत्य वाटलं. मग एकदा जाऊबाई हात धुवायला गेल्या असताना मॅडम मला म्हणाल्या, "कमेटी तो काग़ज़ देखती है जी, मैं इनका चेहरा देखती हूँ. जिस नाम पे ये भड़क जाएँ, वो पक्की. जिसकी तारीफ़ कर दें, समझो उसमें दम नहीं." आणि आजवर एकदाही चुकलं नाही म्हणाल्या. मी चहा तसाच ठेवला. कारण जाऊबाई माझी येता-जाता तारीफ करायच्या. 'आमची धाकटी भारी गुणाची' हे मी लग्नापासून ऐकत होते, आणि त्याची किंमत मला त्या दिवशी कळली.

हे मी त्यांना कधीच सांगितलं नसतं. पण पुढच्या वर्षी त्या हसत हसत माझ्याकडे आल्या. "अगं, पम्मीचं नाव निघालंय! उद्या मॅडमला सांगतेच, डोळे मिटून देऊन टाका म्हणून." पम्मी ही त्यांची कॉलेजपासूनची जिवलग मैत्रीण. सेक्टर २२ मध्ये तिची बायकांसाठी मोटार शिकवायची शाळा होती. एक जुनी मारुती, छपरावर लाल अक्षरांतली पाटी, आणि शेजारच्या सीटवर पम्मी, शिव्या आणि आशीर्वाद एकाच दमात देत. निम्म्या शहराच्या बायकांचे हात तिनं स्टिअरिंगवर बसवले होते, त्यात माझेही होते. पण आता एसी गाड्यांच्या मोठ्या शाळा निघाल्या होत्या, आणि उन्हाळ्याआधी पम्मी दुकान बंद करणार होती. सत्कार झाला तर याच वर्षी. पुढे तिला कोण विचारणार होतं? त्यातून समोर अमेरिकेत कॉम्प्युटर कंपनी काढलेली एकजण उभी होती. "नका हो वहिनी, मॅडमपुढे कौतुक करू नका!" मी ओरडलेच, आणि सगळं सांगून टाकलं.

मला वाटलं, आता रडतील. पण त्या म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं इनाम मीच देऊन राहिले होते? आणि साधं एक कार्ड नाही धाडलं मला?" मग पदर खोचून तालमीला उभ्या राहिल्या. मी मॅडम झाले आणि पम्मीचं नाव घेतलं. त्या कपाळाला आठ्या घालून "हट! ती काय!" म्हणाल्या आणि फस्सकन हसल्या. पुन्हा केलं, पुन्हा हसल्या. पम्मीचं नाव निघालं, की त्यांचा चेहराच उजळायचा. खोटं जळणं किती अवघड असतं ते मला तेव्हा कळलं. खोटं कौतुक मी झोपेतही करते.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी पम्मीचं नाव काढलं. जाऊबाईंनी आठ्या घातल्या. "वो? गाड़ी तो हमारे यहाँ धोबी भी चलाता है." मॅडमच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही, त्यांनी बिस्किटांची बशी पुढे केली आणि अमेरिकावालीचा विषय काढला. पम्मीचं नाव कापलं गेलं, असं मी धरलं. तेवढ्यात जाऊबाई पुन्हा बोलू लागल्या, पण आवाज वेगळाच होता. "कॉलेज में अपने भाई का स्कूटर ले आती थी, मैडम. झील का पूरा चक्कर. मैं पीछे बैठती थी. एक दिन बोली, आज तू चला. मैंने कहा, साड़ी फँस जाएगी. फिर स्कूल खोला तो बोली, आधा तेरा. मैंने कहा, इनसे पूछ के बताती हूँ. पूछा ही नहीं जी मैंने. मना कोई नहीं करता, ये तो हँस के हाँ बोलते. मुझे ही डर लगा. और वो, देखो, अकेली…" मान खाली घालून त्या साडीच्या निऱ्या सारख्या करत बसल्या. मॅडमनी कप खाली ठेवला आणि अमेरिकेचं नाव त्यानंतर निघालं नाही. गाडीत बसल्यावर जाऊबाई मला एवढंच म्हणाल्या, "नाटक करायला गेले गं, आणि खरंच जळले."

सत्काराला त्या तिसऱ्या रांगेत एक अक्षर बोलल्या नाहीत. पम्मीनं भाषणात "सीट बेल्ट लगाओ, और मरद की मत सुनो," एवढंच सांगितलं आणि हॉल डोक्यावर घेतला. मग फुलकारी सावरत ती थेट आमच्याकडे आली. "मैडम कहती है तू जली मुझ पे. सच्ची?" "बहुत," जाऊबाई म्हणाल्या. "तीस साल से सबपे जलती है, मुझ पे कभी नहीं जली. मैं सोचती थी, मैं किसी गिनती में ही नहीं," पम्मी म्हणाली, आणि त्या दोघी भर गर्दीत एकमेकींना धरून हसत रडत राहिल्या. मी तिघींच्या पर्सा सांभाळत बाजूला उभी होते. इतकी जळले मी त्या दिवशी, की घरी येऊन सगळी भांडी आपटली.

दीर निवृत्त झाल्यावर जाऊबाई मुलाकडे पुण्याला गेल्या. पम्मी कधीमधी मला गाडीत घालून तलावावर नेते, शिकवायला कुणी नाही म्हणून माझ्याच चुका काढते. परवा आम्ही निघालो होतो आणि मोबाइल वाजला. पुण्याचा नंबर. कुठं आहेस, जाऊबाईंनी विचारलं. पम्मीबरोबर तलावावर निघालेय, म्हटलं. त्या म्हणाल्या, "तुझं बरं आहे गं बाई."

तो आवाज मी ओळखला. वकीलबाईला, विमानवालीला, सगळ्यांना तो मिळाला होता, आणि लग्न होऊन आल्यापासून मी त्याची वाट पाहत होते. पण मिळाल्यावर तो मला ठेवून घेववेना. "कसलं बरं, वहिनी," मी म्हटलं, "इथं ऊन मी म्हणतंय, बाहेर पाय ठेववत नाही." खरं तर फेब्रुवारी होता, आणि पम्मीनं गाडीच्या काचा खाली केल्या होत्या.