एकाच टोकाला टेप

आधीच सांगून टाकते. या सदरातले अनुभव मी हसायला वाचते. हायवेवर लिफ्ट मागणारी बाई, बंद खोलीतले घुंगरू वगैरे… खाली कमेंटमध्ये "तेव्हा किती घेतली होती?" असं विचारणारी जी एक आगाऊ आयडी आहे ना, ती माझीच. तेव्हा आता मलाही काय विचारायचं ते विचारा. जिला हे सांगायला हवं तिला सांगायची हिंमत होत नाही, म्हणून इथे लिहितेय.

मी जनावरांची डॉक्टर आहे आणि सध्या मेडिसिनमध्ये पीएचडी करतेय. विषय ऐकला की नातेवाईक तोंड लपवून हसतात : पितृपक्षात शहरातल्या गाईंना आणि कुत्र्यांना होणारे पोटाचे विकार. हसण्यासारखं काही नाही त्यात. गावाला दहा घरांमागे चार गाई असतात. आमच्या घाटकोपरला भटवाडीच्या आसपास, देवळाबाहेर बसणारी गाय एकच. तिथल्या प्रत्येक घरातल्या पितरांचं पान तिच्यापुढे येतं. भात, वडे, खीर, परत वडे. एवढा शिजवलेला भात कोठीपोटात, म्हणजे गाईच्या पहिल्या मोठ्या पोटात गेला की तिथे आंबतो, आम्ल होतं आणि गाय बसते. उरलेले वडे कुत्र्यांना. तुपातेलानं त्यांचं स्वादुपिंड सुजतं आणि ती दोन दिवस ओकत पडतात. मेलेल्यांच्या नावानं जिवंतांना मारायचा हा उद्योग मी दरवर्षी बघते आणि दरवर्षी माझं डोकं फिरतं.

त्या एकुलत्या एक गाईचं नाव चंद्री. मालकीण शेवंतामावशी, जुन्नरकडच्या. चंद्री म्हणजे मावशींचं सगळं गणगोत. नवरा गेल्यावर याच गाईच्या पाठीवर हात ठेवून दिवस काढले, असं त्या कोणालाही सांगतात. मी मोठ्या हौसेनं एक पाटी करून दिली होती : 'गाईला शिजवलेलं अन्न देऊ नये.' लोक यायचे, पाटी वाचायचे, पाटीलाही नमस्कार करायचे आणि पान त्या पाटीखालीच ठेवायचे. एक काका तर म्हणाले, "मॅडम, आमचं थोडंसंच आहे." अहो, सगळ्यांचं थोडंसंच असतं ना!

आमच्या घरीही तेच. बाबा मागच्या वर्षी दिवाळीनंतर गेले, किडनीच्या आजारानं. यंदा त्यांचा पहिला म्हाळ. आई मालवणची, तिला वाडी काढायचीच होती. वाडी म्हणजे कावळ्या-गाईचं पान. मी स्पष्ट सांगितलं, "कावळ्याला हवं ते घाल, गाईला मी देणार नाही." दोन दिवस अबोला झाला. शेवटी पंचमीला तिनं गाईच्या नावानं नुसती केळी दिली आणि वर एक पिशवी माझ्या हातात कोंबली.

"ह्यो बाबांच्या फोटोचो जुनो हार. निर्माल्यात टाक. खंयपण टाकू नको."

निर्माल्याचा कलश देवळाजवळच, पण भरून वाहत होता. मी स्टेथोस्कोप काढून चंद्रीची तपासणी करत होते, पिशवी खांद्याला. तेवढ्यात बाईसाहेबांनी मान वळवून पिशवीतला हार ओढला आणि दोन घासांत गट्टम. मावशी ओरडल्या. मी म्हटलं, "असू दे मावशी, झेंडूच आहे. झेंडूनं काही होत नाही." आणि रिकामी पिशवी घडी करून पर्समध्ये टाकली. आईला संध्याकाळी सांगितलं, टाकला निर्माल्यात.

दोन दिवसांनी सकाळी मावशींचा फोन. "ताई, चंद्री तोंड लावीना कशाला."

मी गेले. गाय उभी, पाठीला पोक, पोटाची हालचाल बंद. काय आश्चर्य? समोरच्या कोपऱ्यात त्याच सकाळची पाच पानं पडलेली! ॲसिडोसिस, म्हणजे तेच भाताचं आम्ल, दुसरं काय? खरं सांगते, मला थोडा आनंदच झाला. माझ्या थिसिसला गाईंच्या केसेस कमी पडत होत्या. नळी घालून पोटातलं पाणी काढलं, आम्ल तपासलं तर आम्ल नाही. म्हटलं, लाळ मिसळली असेल, तसं होतं कधीकधी. जुलाबही नव्हते. म्हटलं, होतील उद्या. सोडा पाजला, सलाईन लावलं, मावशींना पानांवरून चांगलं झापलं. त्या बिचाऱ्या रडायला लागल्या. "मी किती जणांला नको म्हनू, ताई? त्यांच्या मेलेल्या मानसाचं आसतं ना त्ये."

आणि सलाईनची सुई धरलेली असताना आईचा फोन.

"अगो, बाबा इल्ले गो माझ्या सपनात."

"आई, मी कामात आहे."

"छातीत टोचता म्हणत होते."

"आई, बाबांना छातीचं कधी काही नव्हतं. किडनी होती. फोन ठेव."

दुसऱ्या दिवशी परत तीच वेळ. चंद्री कालपेक्षा वाईट, थोडा तापही. मी गुडघ्यावर बसलेले, हात शेणानं भरलेले, फोन कान आणि खांद्याच्या मध्ये.

"आजपण इल्ले. वाडीत कायतरी चुकला आसतला. तू गायीक पान देऊक दिला नाय ना…"

"टोचतंय कुठे म्हणतात ते?" मी वैतागून विचारलं. तिनं लवकर आटपावं म्हणून, दुसरं काही नाही.

"डाव्या कोपराच्या मागे. खाली."

"आई, माणसाचं हृदय तिथे नसतं!"

"माका काय ठावक? ते सांगत ता मी सांगतंय."

त्या दुपारी आमच्या सरांना फोन केला. सर म्हणजे माझे गाइड, बोलायला तिखट. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "तुला ॲसिडोसिस दिसतोय, की तुला ॲसिडोसिस हवाय?" मला राग आला. मी परत सोडा पाजला.

तिसऱ्या दिवशी चंद्रीनं पाण्यालाही तोंड लावलं नाही. मावशी तिच्या गळ्यापाशी बसून होत्या, काल रात्रीपासून जेवल्या नव्हत्या. मला म्हणाल्या, "ताई, खरं सांगा. जानार का ही?" आणि तेवढ्यात तो फोन. मी उचलला तोच ओरडत.

"काय आहे आई? काय झालं आता?"

आई रडत होती. "अगो, आज लय तरास होतो त्यांका. ओणवे उभे होते. हात भुईक टेकलेले, कोपरां भायर काढून. बसा म्हटलंय तर बसानत नाय. पाऊल टाकूक बगीत नव्हते. तुकाच सांगूक सांगितल्यानी. 'पोरीक सांग' म्हणाले."

मी समोर बघितलं.

चंद्री पाठ वाकवून उभी होती. पुढच्या पायांची कोपरं बाहेर काढलेली. तीन दिवस ती अशीच उभी होती आणि तीन दिवस मी फक्त तिचं पोट बघत होते. ही उभं राहण्याची पद्धत आमच्या पुस्तकात चित्रासकट आहे. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना मी स्वतः शिकवते. गाईनं तार किंवा खिळा गिळला की तो पुढच्या जाळीपोटात अडकतो. जाळीपोट आणि हृदय यांच्यात जेमतेम चार बोटांचं अंतर. टोक तिकडे सरकायला लागलं की गाय कोपरं बाहेर काढते, बसत नाही, चालत नाही. आणि गाईचं हृदय कुठे असतं? डाव्या कोपराच्या आत. खाली.

मी आईचा फोन न बोलताच ठेवला. वशिंडामागची कातडी चिमटीत धरून दाबली. निरोगी गाय पाठ खाली घेते. चंद्री कण्हली. डाव्या कोपरामागे मूठ दाबली, परत कण्हली. मावशी विचारत होत्या, काय झालं, काय झालं. मी म्हटलं, "मावशी, माझं चुकलं." आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या पटकन म्हटलं असेल.

सर तासाभरात आले. मेटल डिटेक्टर वाजला, पण तो मुंबईच्या कुठल्याही गाईवर वाजतोच, त्याचं काही नाही. तिथेच ताडपत्रीखाली, गाय उभी असतानाच, डाव्या कुशीत भूल देऊन पोट उघडलं. हात माझा बारीक म्हणून आत मी घातला. प्लास्टिकच्या पिशव्या, दोन स्क्रू, एक नाणं… आणि पुढच्या भिंतीत, बरोबर हृदयाच्या बाजूला, रुतलेलं काहीतरी. हळूहळू सोडवून बाहेर काढलं.

बोटभर लांबीची जीआय तार, जस्त चढवलेली लोखंडी. एका टोकाला वळवलेला हूक, त्याच्यावर लाल टेप. दुसरं टोक उघडं, सुईसारखं.

सर म्हणाले, "अजून एक-दोन दिवस, आणि गेली असती." मला ते नीट ऐकूही आलं नाही. कारण ती तार मी ओळखली होती.

बाबा वायरमन होते. घरात तारेचा तुकडा दिसला की त्यांचा आरडाओरडा ठरलेला : "दोन्ही टोकांना टेप लावा! कोणाला तरी टोचेल!" आम्ही थट्टा करायचो, बाबा मेथीच्या जुडीलाही टेप लावतील म्हणून. पितृपक्षाच्या पहिल्या दिवशी फोटोला हार घालताना तो काचेवरून सारखा घसरत होता. मी चिडून बाबांच्याच पेटीतून तारेचा तुकडा कापला, हूक केला, हारात अडकवला. हूकवर टेप लावली, फोटोच्या चौकटीला चरे पडायला नकोत म्हणून. दुसरं टोक हारात लपत होतं. कोण बघतंय, म्हणून सोडून दिलं.

आणि तो हार चंद्रीला खाताना बघून हसणारी मीच. जगाला पाट्या लावणारी!

चंद्री वाचली. आठव्या दिवशी हिरवा चारा खायला लागली. मावशींनी माझ्या पायाला हात लावायला घेतला, तेव्हा मी अक्षरशः पळाले. खरं काय ते त्यांना नंतर सांगितलं. त्यांनी चंद्रीच्या पाठीवरून हात फिरवला, मग म्हणाल्या, "काढली पन तुम्हीच ना." ही केस थिसिसमध्ये अर्थातच नाही.

आता तुम्ही विचारणार ते सगळं मी स्वतःला विचारून झालंय. आईनं चंद्रीला बघितलं होतं का? गुडघ्यांमुळे ती चार महिने जिना उतरलेली नाही. मी घरी काही बोलले होते? बोलले असेन, पण माझ्या बोलण्यात तर ॲसिडोसिस होता. मला जे दिसलं नव्हतं ते मी तिला कसं सांगणार? हार चंद्रीनं खाल्ला हे तिला आजही माहीत नाही. योगायोग म्हणा. मीही तेच म्हणते, दिवसातून दोनदा. पटत नाही.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला नाही. मीच केला.

"आई, बाबा आले होते का आज?"

"नाय गो. आज नाय इल्ले. बरा वाटता आसतला त्यांका. तू जेवलंस काय?"

मला त्यांचा अजूनही राग येतो. सांगायचंच होतं, तर गुडघे दुखणाऱ्या म्हातारीला तीन दिवस रडवायचं कशाला? सरळ माझ्या स्वप्नात यायचं होतं. डॉक्टर मी, गाय माझ्या समोर, चूक माझी. मग आठवतं, जिवंत असतानाही ते मला काही सांगायचे तेव्हा मी "हो बाबा, लावते टेप" म्हणून पुढे जायचे. म्हणून त्यांनी मधला रस्ता काढला असेल. की असं काही नसतंच? मला माहीत नाही. खरंच नाही.

ती तार धुऊन त्यांच्या पेटीत परत ठेवलीय. दुसऱ्या टोकाला टेप लावून.