सतराव्या नळीवरचा बाण

नळीकाकांच्या घरात कुठलीही वस्तू उलटी सापडायची नाही. डाळीच्या डब्यांवर बाण, औषधाच्या बाटल्यांवर बाण, माळ्यावरच्या ट्रंकेवर तर खडूने ओढलेला हातभर लांब बाण. "बरं झालं, लग्नात यांच्या हाती मार्कर नव्हता," बायको आल्यागेल्याला सांगायची, "नाहीतर माझ्या कपाळावरही ओढला असता, वरची बाजू म्हणून!" काका हसायचे. हसले की पुढचे दोन दात दिसायचे, टोकाला झिजलेले. ते दात झिजले नोकरीत.

एकतीस वर्षं या माणसाने तळ्याखालचा गाळ सांभाळला. संस्थेतले शास्त्रज्ञ तराफ्यावरून तळ्याच्या तळात लांब नळी ठोकत. ती वर काढली की आत गाळाचा अखंड खांब उभा. दरवर्षी एक थर, खाली जुना, वर नवा. तळ्यात येणाऱ्या नदीला पूर आला की त्या वर्षीचा थर जाड. ज्याला वाचता येईल त्याने वाचावं. पण वाचायचं तर नळीचं डोकं कुठलं आणि पाय कुठले हे आधी कळायला हवं, आणि ते काम काकांचं. वरच्या टोकाला लाल टोपण, खालच्या टोकाला काळं, अंगावर वर तोंड केलेला बाण. मग नळी तळघरातल्या थंड खोलीत, फडताळावर आडवी. तिथे स्वेटर घालून, कानटोपी ओढून काका दिवसभर वावरायचे. गाळात रेती किती आणि चिकणमाती किती, हे चिमूट पुढच्या दातांत घासून सांगायचे. चिकणमाती लोण्यासारखी सरकते, रेती करकरते. "काका, यंत्राला हेच सांगायला तीन तास लागले," नवे शास्त्रज्ञ म्हणायचे. टाळ्यांची सवय नसलेला माणूस लाजून कानटोपी सारखी करायचा.

निवृत्तीला महिना उरला होता. सोमवारी सकाळी बाई स्वतः तळघरात उतरल्या, हातात चहाचा थर्मास. बाई म्हणजे या सगळ्या गाळाच्या प्रमुख. एकेकाळी काकांच्याच हाताखाली नळ्या धुवायला शिकलेल्या.

"काका, झालं! दोन हजार वर्षांचे पूर वाचून झाले. ही नदी इतकी मागे कुणीच वाचली नव्हती. परदेशातून पत्रं येताहेत."

"वा! आणि काय म्हणते नदी?"

"दमलीय बिचारी. थर वर वर येताना पातळ होत गेलेत. पूर लहान होत चाललेत. शुक्रवारी जाहीर करतोय. नदीकाठच्या खालच्या वस्तीला धोका नाही. बांध उंच करायचा बेत नगरपालिका सोडून देणार. तुमची लेक तिथेच राहायला गेली ना? झोपा आता निवांत."

काकांनी पेला पुढे केला. "कुठली नळी धरलीत?"

"सतरा. तळ्याच्या मधोमधची. सगळ्यात स्वच्छ थर तिचेच."

चहा पेल्यात पडत होता. काकांना तो हाताला गरम लागेना.

नऊ वर्षांपूर्वीची ती दुपार. वारा असा, की तराफा उकळत्या भांड्यावरच्या झाकणासारखा हलत होता. बाई तेव्हा विद्यार्थिनी, कठड्यावर ओणव्या होऊन पोटातलं सगळं तळ्याला अर्पण करत होत्या. सतरावी नळी वर आली, आडवी करताना वरचा भुसभुशीत गाळ सांडून गेला, आणि लाल टोपण काकांच्या बोटांतून निसटून डुबुक. डब्यात दुसरं नव्हतं. दोन्ही टोकांना काळी टोपणं बसवली, ओल्या नळीवर बाण ओढला आणि पुढच्या नळीला लागले. तळघरात आल्यावर पाहतात तो नळी कोरी. बाण धुऊन गेलेला, दोन्हीकडे काळं. काका बराच वेळ तिच्यासमोर उभे राहिले. वरचं टोक आपल्या डाव्या हाताला होतं, असं त्यांना वाटलं. वाटलं, एवढंच. नवा बाण ओढला, लाल टोपण लावलं, आणि कुणाला चकार शब्द सांगितला नाही. इतक्या वर्षांत एवढं एकच.

मंगळवार गेला. बुधवार गेला. जेवताना घास तोंडात फिरायचा.

"अहो, काय झालंय? तोंड पार पांढरं पडलंय," बायको म्हणाली.

"थंडी भरलीय."

"एकतीस वर्षं बर्फात काढलीत, आणि आता थंडी?"

तेवढ्यात लेकीचा फोन. नव्या घरात स्वयंपाकघराची फडताळं बसवायचीत, बाबांनी यावं. मागून दोन्ही नातवंडांचा आरडाओरडा. घराच्या मागच्या दारातून नदी दिसते म्हणे, मुलं दिवसभर तिथेच. काकांनी फोन बायकोच्या हातात दिला आणि मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. ते पाणी गळ्याखाली ओघळलं तसे ते दचकून मागे सरकले.

गप्प राहिलं तर कुणाला कळणार होतं? चार आठवडे, एक हार, एक शाल, घरी. या विचाराचीच त्यांना जास्त भीती वाटली. तो विचार शेजारी येऊन बसला होता, आणि त्याचा आवाज त्यांचा स्वतःचाच होता.

गुरुवारी सकाळी ते बाईंच्या दारात उभे राहिले. कानटोपी हातात. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं, टोपणापासून बाणापर्यंत.

बाईंनी टेबलावरचा अहवाल मिटला.

"सहा जणांनी काम केलं या नळीवर," त्या हळू म्हणाल्या. "वय काढायला आत झाडाचं एकच पान सापडलं, तेही मधोमध. मधलं पान नळी कशीही धरा, मधेच राहणार. वर-खाली कुणीच तपासलं नाही."

"का नाही तपासलं?"

"बाण तुमचा होता ना, काका."

त्यांनी ओरडायला हवं होतं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

प्रत्येक नळी उभी चिरून तिची एक अर्धी बाजू सील करून ठेवतात. बाईंची सही असल्याशिवाय ती उघडत नाही. बाईंनी सही केली. दोघं तळघरात उतरले. परीक्षा साधी होती. पुराचं पाणी निवळताना जड रेती आधी बसते, बारीक चिकणमाती मागाहून, तिच्यावर. म्हणजे एकाच थरात रेतीची बाजू खालची, लोण्याची बाजू वरची. काकांनी एक जाड थर निवडला. आयुष्यात देवाकडे फारसं काही न मागितलेला माणूस, पण त्या क्षणी मागत होता. स्वतःसाठी नव्हे. बाण खरा असू दे, पूर लहान होत असू दे, लेकीचं घर कोरडं राहू दे.

बाणाकडच्या कडेची चिमूट त्यांनी दातांखाली घेतली.

करकर.

दुसऱ्या कडेची घेतली. लोणी.

"तुम्ही बघा," ते म्हणाले. बाईंनी पाहिलं. मग दुसऱ्या थरात, तिसऱ्या थरात. खोलीतलं यंत्र घुंघुं करत होतं. तिसऱ्या थरानंतर बाई फडताळाला टेकून खाली जमिनीवरच बसल्या.

"म्हणजे पूर वाढत चाललेत," त्या म्हणाल्या. "दोन-दोन पुरुष पाणी आणणाऱ्या पुरांचे जाड थर आम्ही जुने म्हणून सोडून दिले होते. ते आपल्या काळाकडचे आहेत, काका."

"माझ्यामुळे."

"टोपणांचा डबा मोजून भरायचं काम कुणाचं होतं? माझं. आणि तेव्हा मी काय करत होते ते तुम्ही पाहिलंयत." त्या हसल्या नाहीत. उठून फोनकडे निघाल्या. "नगरपालिकेला आत्ताच कळवते. उद्या जाहीर करायचंच. पण उलटं."

काकांनी जुना बाण स्पिरिटने पुसला. लाल टोपण काढून दुसऱ्या टोकाला बसवलं. मग स्वेटर न उतरवताच बस पकडली.

भर दुपार, लख्ख ऊन. वस्तीत कपडे वाळत होते, कुणी ओट्यावर डुलकी घेत होतं. काकांची नजर मात्र प्रत्येक घराच्या चौकटीवर, चौकटीच्या वर, आणखी वर जात होती. लेक स्टुलावर उभी, हातात हातोडा.

"बाबा, आलात! आणि या उन्हात स्वेटर? बरं, सांगा बघू, फडताळ किती उंचावर ठोकू? मुलांचा हात पोचता कामा नये."

काका भिंतीपाशी गेले. हात वर केला. मग टाचा उचलल्या. हात भिंतीवर तसाच धरून उभे राहिले.

"अहो बाबा, एवढ्या वर? तिथे माझाच हात पोचणार नाही."

"एवढंही नाही पुरत," काका म्हणाले. तिच्या हातातला हातोडा त्यांनी अलगद काढून घेतला. "उतर खाली, बाळा. ठोकू नकोस काही. मुलं कुठायत?"

"असतील की. मागे, नदीवर."