कोपरा फाडलेलं कार्ड

त्याचं नाव मी विचारलं नाही. विचारलं असतं तर शिव्या देताना उपयोगी पडलं असतं.

कराडच्या पोस्टात बसून साड्यांच्या सेलच्या छापील पोस्टकार्डांचा एकेक कोपरा तो फाडत होता. माणूस टापटिपीचा; फाडलेले कपटे खिशात ठेवत होता. आमच्याकडे कोपरा फाडलेलं कार्ड येतं ते कुणी गेल्याचं कळवायलाच. मी जाब विचारला, तर म्हणाला, "आवं सायेब, नुसता सेल लिवला तर कोण वाचतंय? कोपरा फाटला की समदं घर वाचतंय."

समदं घर म्हणे. आदल्याच दिवशी त्याचं एक कार्ड आमच्या घरी आलं होतं. धाकटा भाऊ फौजेत, काश्मिरात. आईला चांगलं वाचता येतं, पण मी संध्याकाळी घरी येईपर्यंत ते कार्ड पालथं धरून ती उंबऱ्यात बसून होती.